बाणाच्या खुणेचा व्हॉल्व्ह

फौजेच्या सिग्नल्समध्ये मी अठ्ठावीस वर्षं काढली. ट्रेड रेडिओ मेकॅनिक. सुभेदार होऊन पेडगावला परत आलो तेव्हा वाटलं होतं, आता हातातलं सोल्डरिंग आयर्न सुटलं. ते सुटलं नाही. रस्त्याकडेला माझ्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत टेबल टाकलं, टेबलावर मीटर आणि एक जुना व्हॉल्व्ह टेस्टर ठेवला, आणि लोक घरातले बंद पडलेले रेडिओ आणून द्यायला लागले.

पहाटे पाचला उठतो. दाढी रोज करतो. ०७३० ला नाश्ता, ०८३० ला टेबलावर. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी नांदेडला असते, तिचा फोन रविवारी येतो. बाकी दिवशी घरात आवाज रेडिओचाच, तोही दुरुस्त झाल्यावर. मग मालक येऊन तो घेऊन जातो आणि खोली पुन्हा गप्प होते.

ट्रान्झिस्टर मी घेत नाही. फक्त व्हॉल्व्हचे, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेले जुने सेट. असे सेट आता वापरायला कुणी ठेवत नाही. कुणाला हॉटेलात शोभेला हवा असतो, कुणाला आजोबांची आठवण म्हणून दिवाणखान्यात. तो दिसला म्हणजे झालं, वाजला नाही तरी चालेल, असं बहुतेक जण सांगतात. मी वाजवूनच देतो.

यंदा श्रावणात, एका मंगळवारी, सकाळी १०४० ला दारात एक बाई येऊन उभी राहिली. साठीच्या पुढची, अंगानं किरकोळ. हातात गोधडीत बांधलेलं गाठोडं. वजन आठ-नऊ किलो असावं. तिनं ते कुणाला धरू दिलं नसणार, कारण मी पुढं झालो तरी तिनं ते स्वतःच टेबलावर ठेवलं.

"सुभेदार तुमीच का?"

"हो. बसा."

"मी द्वारका. झरीच्या शेषरावची धाकटी बहीण."

ती गाठी सोडायला लागली. गोधडी पुरती सुटायच्या आधीच मला कळलं होतं आत काय आहे. तपकिरी लाकडी कॅबिनेट, पुढं सोनेरी कापडाची जाळी, डायलच्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा. तो तडा माझ्यासमोर पडला होता, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, एका बराकीत.

"मी गंगाखेडला असते," ती म्हणाली. "माहेरचं घर पाडून स्लॅबचं बांधायलेत. भाचा म्हणला, हे भंगारात देऊ. म्या म्हणलं, थांब. शेषदादा सुट्टीवर आला तवा म्हणायचा, पेडगावचा दोस्त हाय, त्यानं नीट करून दिलाय. ज्यानं तवा नीट केला त्यालाच दावावा म्हणलं."

"ठेवून जा. चार-आठ दिवस लागतील."

"बसते की. काय झालंय तेवढं तर कळू द्या. माझी बस सव्वातीनला हाय."

पेडगावहून झरी काही लांब नाही. रिटायर झाल्यापासून मी एकदाही त्या गावात गेलो नव्हतो. एस.टी. त्या बाजूनं जायची असली तर झरीच्या थांब्यावर मी मान खाली घालून बसायचो. आणि आता त्याच घरातलं माणूस माझ्या खोलीत येऊन बसलं होतं. मी तिला पाणी दिलं आणि कामाला लागलो.

जुना सेट आला की प्लग लावायचा नसतो. आधी बघायचं. मागचा पुठ्ठा काढला. आत कुंभारीण माशीची मातीची घरं होती, उंदरानं कुरतडलेला कापूस होता. ब्रशनं सगळं झाडलं. मेन्सची वायर हात लावताच तुकडे होऊन पडली, ती बदलली. डायलची दोरी तुटलेली. ट्रान्सफॉर्मर मीटरवर तपासला, तो शाबूत होता. फिल्टरचे दोन्ही कंडेन्सर फुगले होते. त्या जागी नवे लावले. मग शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून सेट चालू केला. असा बल्ब जोडला की आत कुठं शॉर्ट असला तर बल्ब भगभगीत पेटतो आणि सेट वाचतो. बल्ब पेटला आणि हळूहळू मंद झाला. शॉर्ट नव्हता. पाचही व्हॉल्व्हमध्ये तांबूस तार दिसायला लागली.

"पेटलं की," द्वारकाबाई म्हणाल्या.

"पेटलंय. बोलत नाही अजून."

व्हॉल्यूमच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला. स्पीकर गुरगुरला. म्हणजे पुढचा अर्धा भाग ठीक होता. स्टेशनचा आवाज तिथपर्यंत पोचतच नव्हता. एकेक स्टेज मागं मागं सरकत गेलो. १४०० ला आय.एफ. स्टेजपाशी आलो, पकडलेलं स्टेशन जिथं मोठं होतं तिथं. तिथं अंगठ्याएवढा काचेचा व्हॉल्व्ह बसलेला होता. सेट बंद केला, व्हॉल्व्ह निवू दिला, हळूच हलवून काढला. काचेवर पांढऱ्या रंगात सरकारी बाणाची खूण. घरगुती रेडिओत अशी खूण नसते. ती फक्त फौजेच्या सामानावर असते.

तो टेस्टरमध्ये बसवला. सुई हिरव्या पट्ट्यात गेली आणि तिथंच थांबली.

"खराब झालंय का ते?" बाईंनी विचारलं.

"नाही. चांगला आहे."

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. बिघाड मला कळला होता. शेजारचा एक रेझिस्टर जळला होता, अर्ध्या तासाचं काम. तिला बसमध्ये बसवून देता आलं असतं. चव्वेचाळीस वर्षं मी तेच केलं होतं. पण ती बाई गोधडीची घडी मांडीवर घेऊन त्या व्हॉल्व्हकडं बघत होती, आणि मी खुर्ची तिच्यासमोर ओढली. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

उत्तरेच्या डोंगरातल्या त्या बेसवर परभणीचे आम्ही दोघंच, शेषराव आणि मी. दोघंही लान्स नायक. तो ऑपरेटर, मी मेकॅनिक. सेट व्हॉल्व्हचे होते, चालू असले की चांगले तापायचे. शेषराव ड्यूटीवर असला की सेटवर त्याचे हातमोजे वाळत असायचे आणि शेजारी चहाचा मग. हवालदार ओरडायचा. शेषराव मग उचलायचा आणि हवालदार गेला की परत ठेवायचा. जेवताना आम्ही आपल्या बोलीत बोलायचो. बाकीचे विचारायचे, भांडायलात का.

सप्टेंबरात त्याची सुट्टी मंजूर झाली. मेसमधला एक जुना रेडिओ काढून टाकला होता, तो त्यानं घेतला. वडिलांना न्यायचा होता. बराकीत उतरवताना डायलच्या काचेला तडा गेला. रेडिओ वाजत होता, पण फार बारीक. मी तपासला. आय.एफ.चा व्हॉल्व्ह कमजोर झाला होता. आमच्या रिसीव्हरला अगदी तोच नंबर लागायचा. माझ्या ट्रेमध्ये चार होते, चारही टेस्ट केलेले, चांगले.

मी त्यातला एक काढून शेषरावच्या रेडिओत बसवला. त्याचा कमजोर व्हॉल्व्ह ट्रेमध्ये ठेवला. रजिस्टरला चार होते, ट्रेमध्ये चारच राहिले. नव्या मालाची मागणी गेलेली होती. पंधरा दिवसांत माल येईल, मग कमजोर फेकून देऊ, असं मनाशी ठरवलं. त्या व्हॉल्व्हला टॅग बांधला. टॅगवर लिहिलं, टेस्टेड ओके. खाली सही केली. शेषरावला म्हणालो, साफ केलाय. तो खूश होऊन गेला.

माल आला नाही. ऑक्टोबरात शेषराव सुट्टीवरून परत आला आणि त्याला वरच्या पोस्टवर जायचा हुकूम झाला. पोस्टवर जाणारे स्पेअर बॉक्स मीच भरले. खेचरं बाहेर उभी होती, बर्फ लवकर पडणार म्हणत होते, घाई चालली होती. तो व्हॉल्व्ह त्याच्याच पोस्टच्या बॉक्समध्ये गेला. आठ दिवसांनी रस्ता बंद झाला, तेव्हा मी ट्रे उघडला आणि मला ते लक्षात आलं.

सेटवरून एक निरोप देता आला असता. स्पेअर वापरू नका, एवढाच. पण का, असं विचारलं असतं. का ते सांगावं लागलं असतं. मी मनाची समजूत घातली, की स्पेअर आहे, लागणारच नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, जानेवारी गेला. लागला नाही.

फेब्रुवारीत तीन दिवस सलग बर्फ पडला. चौथ्या दिवशी सकाळी ०६०० च्या चेकला सगळ्या पोस्ट बोलल्या. शेषरावच्या पोस्टचा कॉल साइन, म्हणजे सेटवरचं नाव, टू-ब्राव्हो. ०६१५ ला तो परत आला.

"कंट्रोल, टू-ब्राव्हो. रिसीव्हर वीक. व्हॉल्व्ह बदलतो. वेट. आउट."

मी बेसच्या सिग्नल बंकरमध्येच होतो. ऐकलं. काही बोललो नाही.

०६३२ ला: "कंट्रोल, टू-ब्राव्हो. रेडिओ चेक. ओव्हर."

आमच्या ऑपरेटरनं उत्तर दिलं. "टू-ब्राव्हो, लाउड अँड क्लिअर. ओव्हर."

"कंट्रोल, टू-ब्राव्हो. नथिंग हर्ड. नथिंग हर्ड."

त्याचा ट्रान्समीटर चालू होता. त्याचं आम्हाला सगळं ऐकू येत होतं. आमचं त्याला काहीच नाही. बॅटरी उतरलेली, थंडी उणे वीसच्या खाली, जुना व्हॉल्व्ह पुरता गेलेला, आणि त्याच्या जागी माझा तो कमजोर व्हॉल्व्ह.

०६५० ला वरून सूचना आली. सगळ्या उतारांवर हालचाल बंद, हिमस्खलनाचा धोका, पुढील हुकूम येईपर्यंत. सगळ्या पोस्टना ती पोचली, टू-ब्राव्हो सोडून. कॅप्टनसाहेबांनी हँडसेट स्वतःच्या हातात घेतला.

"टू-ब्राव्हो, डू नॉट मूव्ह. आय से अगेन, डू नॉट मूव्ह."

ते हे पाऊण तास बोलत होते. मध्येच हवालदारानं माझ्याकडं बघितलं.

"स्पेअर टेस्ट केला होतास ना?"

"केला होता."

०७२५ ला शेषराव शेवटचं बोलला. "कंट्रोल, टू-ब्राव्हो. नथिंग हर्ड. पोस्ट कमांडरचा हुकूम आहे. मी आणि रायफलमन धनसिंग खाली वन-ब्राव्होला जातोय, तिथून सेट आणतो. ०७४५ ला निघतो. आउट."

कॅप्टनसाहेब बोलत राहिले. वन-ब्राव्होनं, म्हणजे खालच्या पोस्टनं, थांबा सांगायला आकाशात लाल फ्लेअर सोडले. ढग इतके खाली होते की त्यांचे त्यांनाच नीट दिसले नाहीत. ०९१० ला वन-ब्राव्होनं कळवलं की वरचा उतार सुटल्याचा आवाज आला. दोघंही चौथ्या दिवशी सापडले.

चौकशीत तो व्हॉल्व्ह टेबलावर ठेवलेला होता. टॅगवर माझी सही.

"टेस्ट केला होता?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"केला होता, सर."

"मग?"

"खेचरावर हादरे बसले असतील, सर."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. मला कुणी काही बोललं नाही. पुढं मला बढत्या मिळाल्या.

एवढं सांगायला मला पंधरा मिनिटं लागली असतील. द्वारकाबाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी हात पुढं केला. मी व्हॉल्व्ह त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला.

"एवढंसं?"

"हो."

"दादाला ठाव होतं का, हे फौजेतलं हाय म्हणून?"

"नाही. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं."

"बाबा रोज लावायचे हा रेडू," त्या म्हणाल्या. "दादाच्या अस्थी आल्या तवा वरीसभर कुणी हात लावला न्हाई. मग बाबांनी लावला. मरेपर्यंत लावायचे. लय लांबलांबची स्टेशनं धरतो म्हणायचे."

चांगल्या आय.एफ. व्हॉल्व्हवर लांबची स्टेशनं लागतात. हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

"ते दुसरं पोरगं कोण म्हणलात?"

"धनसिंग. रायफलमन. गढवालचा."

"त्याच्या घरी कुणी सांगितलं?"

"पलटणीनं पत्र पाठवलं असेल."

"तुमी?"

"नाही."

त्यांनी व्हॉल्व्ह माझ्या हातात परत दिला. "जिथलं तिथं बसवा," म्हणाल्या. गोधडी घेतली, रेडिओ टेबलावरच राहू दिला. बसला अजून पाऊण तास होता. थांब्यापर्यंत येतो म्हणालो. "नगं," म्हणाल्या. मी दारातून बघत राहिलो. थांब्यावर सावली नव्हती. त्या गोधडी डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या, बस येईपर्यंत. एकदाही वळून बघितलं नाही.

काम मी पूर्ण केलं. जळलेला रेझिस्टर बदलला, ऑडिओचा गळका कंडेन्सर बदलला, डायलची नवी दोरी ओढली, आय.एफ. ट्यून केलं. व्हॉल्व्ह जिथला तिथं बसवला. कॅबिनेटला पॉलिश केलं. काचेचा तडा तसाच ठेवला. चौथ्या दिवशी संध्याकाळी रेडिओ बोलला. बातम्या चालू होत्या, आवाज स्वच्छ. मी अर्धं मिनिट ऐकलं आणि बंद केला.

त्यानंतर महिनाभर टेबलावर दुसरं काम घेतलं नाही. लोक आले, त्यांना नंतर या म्हणालो. मुलीनं रविवारी विचारलं, बाबा, बरं आहे ना. बरं आहे म्हणालो. द्वारकाबाईंचा नंबर माझ्याकडं नव्हता आणि असता तरी लावला नसता. सकाळी उठायचं, दाढी करायची, टेबलासमोर बसायचं आणि त्या रेडिओवरची धूळ पुसायची, एवढंच चाललं होतं. फौजेत मी एकटा कधी राहिलो नाही, बंकरमध्ये आठ माणसं असायची. पेडगावला एकटं राहायची सवय झाली आहे असं मला वाटायचं. त्या महिन्यात कळलं की झालेली नाही.

एक काम मात्र केलं. धनसिंगच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. त्याच्या घरचा पत्ता मागितला. का हवा आहे तेही लिहिलं, चौकशीत जे बोललो नव्हतो ते सगळं लिहिलं, आणि खाली नंबर, हुद्दा, सही. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही.

भाद्रपदात पितृपंधरवडा लागला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"सुभेदारसाहेब, मी द्वारका. परवा दादाचं पितर हाय. झरीला या जेवायला. रेडू घेऊन या."

"येतो."

"आन त्या पोराचं नाव परत सांगा."

"धनसिंग."

"बापाचं?"

"माहीत नाही मला."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी ११०० ला झरीला उतरलो. रेडिओ गोणपाटात बांधून मांडीवर आणला होता. घराचे खांब उभे होते, एका बाजूचा स्लॅब टाकून झालेला, बाकी सळया वर निघालेल्या. घरचे लोक शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. शेषरावचा पुतण्या चाळिशीचा, झरीतच शेती करतो. त्यानं रेडिओ सिमेंटच्या गोण्यांवर ठेवला आणि बांधकामाच्या बोर्डातून वायर दिली. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. तो म्हणाला, "लागंना की." मी म्हणालो, "थांब थोडं." मग आवाज आला. द्वारकाबाई हातात उलथनं घेऊन शेडच्या दारात आल्या, उभ्या उभ्या गाणं संपेपर्यंत ऐकलं आणि आत गेल्या. माझ्याशी त्या अजून बोलल्या नव्हत्या.

स्वयंपाक झाला. खीर, उडदाचे वडे, कढी, भाज्या. त्यांनी केळीची दोन पानं वाढली आणि पुतण्याच्या हातात दिली.

"स्लॅबवर ठेवून ये. हे शेषदादाचं. हे धनसिंगचं."

"धनसिंग कोण, आत्या?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ह्यांना इचार. ते सांगतील."

आम्ही दोघं लाकडी शिडीनं वर गेलो. पानं ठेवली, पाणी फिरवलं, हात जोडले आणि बाजूला झालो. कावळे लगेच आले नाहीत. वर ऊन होतं. पुतण्या सळयांच्या सावलीत उकिडवा बसला आणि वाट बघायला लागला. त्याला काका फोटोतलेच माहीत होते. मी त्याच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, माझी सही होती तेही. त्यानं मान खाली घातली, वर केली नाही. थोड्या वेळानं एक कावळा आला आणि धनसिंगच्या पानाशी उतरला. मग दुसरा आला.

लान्स नायक शेषराव, सिग्नल्स, गाव झरी. वय चोवीस.

रायफलमन धनसिंग. वय एकोणीस. गावाचं नाव मी अजून शोधतो आहे.